कातालेखो म्हणजे दुर्बीणच ना? मग तेलेस्कोपियो काय?

माद्रिदकर_पक्या
मंडळी, तीन वर्षं माद्रिदला आहे. स्पॅनिश कामापुरती येते. म्हणजे भाजी आणता येते, भांडता येत नाही.

गेल्या रविवारी रास्त्रोला गेलो होतो. रास्त्रो म्हणजे इथला जुना बाजार. रिबेरा दे कुर्तिदोरेस नावाच्या उताराच्या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दर रविवारी सकाळी भरतो. पुण्याच्या जुन्या बाजाराची सवय असलेल्याला तिथे माहेरी आल्यासारखं वाटतं. एका म्हाताऱ्याच्या चादरीवर कुलपं, कंदील आणि मोडकी घड्याळं यांच्यात एक पितळी नळी पडली होती. एकात एक सरकणारे तीन तुकडे, बाहेरच्याला चामडं गुंडाळलेलं, त्याची शिवण उसवलेली. मी विचारलं, "हा तेलेस्कोपियो केवढ्याला?" म्हातारा हसला. "तेलेस्कोपियो नाही रे बाबा. कातालेखो!" पंचेचाळीस युरो म्हणाला, तिसाला दिली.

घरी येऊन शब्द शोधायला बसलो तर कातालेखो, आन्तेओखो, तेलेस्कोपियो, प्रिझ्मातिकोस, लार्गाविस्तास अशी वरातच निघाली. यांत फरक काय? कोण कुठे वापरतं? दुसरं म्हणजे ही वस्तू मी बाबांसाठी आणणार आहे. फोनवर "दुर्बीण घेतलीय" म्हटलं तर बाबा म्हणाले, "पक्षी बघायची ना? दोन डोळ्यांची?" एका डोळ्याच्या, नळीच्या दुर्बिणीला मराठीत वेगळा शब्द आहे का?

चिवडा_बिनशेव
शीर्षक वाचून वाटलं कोकणातल्या कातळावरच्या लेखांबद्दल धागा आहे. कातळलेखो! रत्नागिरीचा माणूस, आणखी काय सुचणार.

शब्दवेल्हाळ
छान धागा. कातालेखो हा जोडशब्द आहे: 'कातार' अधिक 'लेखोस'. लेखोस म्हणजे दूर. कातार म्हणजे चाखणे. स्पेनमध्ये दारू चाखायच्या कार्यक्रमाला 'काता' म्हणतात ते यावरूनच. थोडक्यात, कातालेखो म्हणजे 'दूरचं चाखणारा'. काय सुंदर कल्पना आहे! क्षितिजाचा घोट घ्यायचा!

भाकरवडी
क्षितिजाचा घोट :) वेल्हाळ, तुम्ही कविताच लिहा.

स्पॅनिशच्या_बाई
वेल्हाळ, तुमचा रसभंग करते, राग मानू नका. बारा वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवतेय आणि दरवर्षी एक तरी मूल हे 'दूरचं चाखणारा' घेऊन येतं. ऐकायला गोड आहे, पण अर्थाचा क्रम उलटा लागलाय.

'कातार' हे क्रियापद लॅटिन 'काप्तारे'वरून आलं. त्याचा मूळ अर्थ पकडू पाहणे, टिपू पाहणे. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ झाला बघणे, न्याहाळणे. मग पारखणे, आणि पारखता पारखता चाखणे. आज रोजच्या बोलण्यात चाखणेच उरलाय, बघणे गेलं. पण जाताना नातेवाईक मागे ठेवून गेलं. 'पेर्कातार्से' म्हणजे लक्षात येणे. 'आकातार' म्हणजे आज्ञा मानणे, आपल्याकडच्या 'मान राखणे'च्या जवळचं. आणि कातालेखो. म्हणजे या शब्दात चव कुठेच नाही. दूरचं बघणारा, एवढंच.

व्याकरणातली एक गंमत सांगते. स्पॅनिशमध्ये असे जोडशब्द ढीगभर आहेत, क्रियापद आधी आणि कर्म नंतर. पाराग्वास म्हणजे छत्री, शब्दशः 'अडव-पाणी'. रास्कासिएलोस म्हणजे गगनचुंबी इमारत, 'खरवड-आभाळ'. साकाकोर्चोस म्हणजे बूच काढायचं हत्यार. या सगळ्यांना एकवचनातही शेवटी स असतो: एक पाराग्वास, दोन पाराग्वास. कातालेखोने मात्र 'लेखोस'चा स गाळून टाकला आणि अनेकवचन करताना परत लावून घेतला. एक कातालेखो, दोन कातालेखोस. 'लेखोस' मुळात अव्यय आहे, त्यातला स अनेकवचनाचा नाहीच. पण लोकांच्या कानाला तो तसा वाटला आणि त्यांनी छाटला.

वेळखाऊ
बाई, मस्त! आपल्याकडे बरोबर उलटं. खिसेकापू, गळेकापू, वेळखाऊ (माझं नाव घ्या). कर्म आधी, क्रियापद मागून. स्पॅनिश माणूस खिसेकापूला 'कापखिसे' म्हणाला असता.

आजोबा_ऑनलाईन
वेळखाऊ यांचा मुद्दा पुढे नेतो. 'दुर्बीण' घ्या. मूळ फारसी दूरबीन: दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे बघणारा. तमाशबीनमधला बीन तोच. सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, बारीक बघणारा. आपण नचा ण केला आणि दुर्बिणीला बाई करून टाकली. म्हणजे कातालेखो आणि दुर्बीण यांत तेच दोन तुकडे आहेत, फक्त खिसेकापूच्या नियमाने जागा बदललेल्या. 'टेलिस्कोप'चंही तेच, ग्रीक 'तेले' लांब आणि 'स्कोपेइन' बघणे. संस्कृतवाल्यांचा दूरदर्शकही तोच. एकाच कल्पनेची चार घराण्यांतली चार बाळं.

माझ्या लहानपणी वडिलांच्या वाचायच्या चष्म्याला घरात 'चाळिशी' म्हणत. वस्तूचं नाव वयावरून! "माझी चाळिशी कुठे गेली" असं ते म्हणत तेव्हा ते साठीचे होते.

भाकरवडी
आजोबा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतेय.

वेळखाऊ
म्हणजे पक्याच्या धाग्यात दुर्बीण बाई आणि कातालेखो पुरुष. पत्रिका जुळतेय का बघा.

गोंयचो_मोग
पोर्तुगीजमध्ये कातार आहे बरं का. पण तिकडे अर्थ शोधून शोधून वेचणे. सगळ्यात नेहमीचा वापर म्हणजे 'कातार पियोल्युश', उवा काढणे! वेल्हाळ घोट घेतात, पोर्तुगीज उवा मारतात, शब्द एकच. कातालेखो मात्र पोर्तुगीजांनी घेतला नाही. तिथे नळीच्या दुर्बिणीला 'लुनेटा' म्हणतात.

शब्दवेल्हाळ
बाई, मान्य. घोट परत घेतो. उवा मात्र घेणार नाही.

चिवडा_बिनशेव
आखाती देश कतारचं नाव स्पॅनिशमध्ये 'कातार' असंच लिहितात ना? २०२२च्या विश्वचषकात स्पेनची काही वर्तमानपत्रं 'कातार २०२२' लिहीत होती. आता कळलं, तो बघण्याचा विश्वचषक होता.

ब्युनोस_आपटे
अर्जेंटिनातून बोलतोय. माद्रिदकरांच्या शब्दांचा इथे काही उपयोग नाही हे आधी सांगतो.

इथे दोन डोळ्यांच्या दुर्बिणीला लार्गाविस्तास म्हणतात, 'लांब-नजर'. स्पेनमध्ये तीच प्रिझ्मातिकोस, आत लोलक असतात म्हणून. मेक्सिकोत बिनोकुलारेस. डोळ्यांवरच्या चष्म्याची तर आणखी गंमत. स्पेनमध्ये गाफास, मेक्सिकोत लेन्तेस, क्यूबात एस्पेखुएलोस म्हणजे 'छोटे आरसे', आणि आमच्याकडे आन्तेओखोस. आन्ते म्हणजे पुढे, ओखो म्हणजे डोळा. डोळ्यापुढचं ते आन्तेओखो. पण हाच शब्द एकवचनात म्हटला की नळी! म्हणजे 'आन्तेओखो' दुर्बीण, 'आन्तेओखोस' चष्मा. पक्या, तुझ्या यादीतला सगळ्यात लबाड शब्द हाच आहे. 'आन्तेओखो दे लार्गा विस्ता' असं पुरं नाव घेतलं की संशय राहत नाही. कातालेखोचं शिष्ट नाव तेच.

आणि कृपा करून दुकानात 'खेमेलोस' मागू नकोस. नाटकाला न्यायच्या छोट्या दुर्बिणीला ते म्हणतात हे खरं, पण मूळ अर्थ जुळी भावंडं. मी इथे आल्या आल्या मागितले. दुकानदाराने मला शर्टाच्या बाह्यांची बटणं दाखवली. तेही खेमेलोस. दुसऱ्या दिवशी चालून चालून पोटऱ्या भरून आल्या म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. पोटरीचे स्नायू? खेमेलोस.

भाकरवडी
ब्युनोस आपटे!!! नावावरच शंभर गुण.

स्पॅनिशच्या_बाई
आपटे, आन्तेओखोवरून सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६२३ साली सेविल्यात बेनितो दासा दे वाल्देस यांनी चष्म्यांवर पुस्तक छापलं. कुणाला किती नंबरची काच हवी हे मोजायची रीत त्यात आहे. हे गृहस्थ पेशाने धर्मन्यायालयाचे लेखनिक! पुस्तकाच्या नावात चष्म्यांना 'आन्तोखोस' म्हटलंय, तेव्हा तसंही म्हणत. आज 'आन्तोखो'चा अर्थ काय? डोहाळे! एकदम होणारी अनिवार इच्छा, विशेषतः गरोदर बाईची. मूळ तेच, डोळ्यापुढे येतं ते. चिंच डोळ्यापुढे आली की झाला आन्तोखो. मेक्सिकोत रस्त्यावरच्या चटकमटक खाण्याला आन्तोखितोस म्हणतात तेही यातूनच. त्यामुळे माझ्या वर्गात त्या पुस्तकाच्या नावाचं भाषांतर मुलं हमखास 'डोहाळ्यांचा उपयोग' असं करतात.

आणखी एक. अंगावरच्या जन्मखुणेलाही स्पॅनिशमध्ये आन्तोखो म्हणतात. आईचा डोहाळा पुरवला नाही की मुलाच्या अंगावर खूण उमटते, असा जुना समज. माझ्या आजीला हे स्पॅनिश न येता ठाऊक होतं.

नेत्रा
आईशप्पथ. चष्म्याच्या दुकानातून थेट सातव्या महिन्यात.

डॉ_गप्पिष्ट
मराठीत दुर्बिणीचा सगळ्यात जास्त वापर कुठे होतो सांगू? दवाखान्यात. पोटाचं असो, गुडघ्याचं असो, पेशंट म्हणतो "दुर्बिणीतून करणार ना, डॉक्टर?" एका मावशींनी मला विचारलं होतं, "तुम्ही लांबून का बघता? जवळ येऊन बघा की!" व्युत्पत्ती त्यांना बरोबर कळली होती.

वेळखाऊ
आणि 'दुर्बीण लावून शोधलं तरी सापडणार नाही'? हे स्पॅनिशमध्ये आहे का बाई?

स्पॅनिशच्या_बाई
आहे, पण ते दुर्बीण लावत नाहीत, भिंग लावतात. 'बुस्कार कोन लुपा', भिंग घेऊन शोधणे. आपली हरवलेली वस्तू लांब गेलेली असते, त्यांची बारीक झालेली असते.

इतिहासाचा_तास
एक गैरसमज दूर करून ठेवतो. चित्रांत आणि व्यंगचित्रांत कोलंबसच्या हातात कातालेखो दिसतो. अशक्य. कोलंबस १४९२चा. दुर्बिणीची पहिली पक्की नोंद १६०८च्या ऑक्टोबरातली, जेव्हा मिडलबर्गच्या चष्मेवाल्या हान्स लिपरहेने नेदरलँड्समध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १६०९मध्ये गॅलिलिओने स्वतःची बनवली. 'टेलिस्कोप' हे नाव तर १६११चं, रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानाच्या मेजवानीत पुढे आलं. त्याआधी तो लॅटिनमध्ये तिला 'पेर्स्पिसिलुम' म्हणायचा.

कातालान_जावई
इतिहासाचा तास, थांबा. बायको बार्सिलोनाची, त्यामुळे हा मुद्दा सोडला तर मला घरी जेवण नाही. सिर्तोरी नावाच्या इटालियनाने १६१८च्या दुर्बिणीवरच्या पुस्तकात आमच्या कातालोनियातल्या जिरोनाच्या रोजेत नावाच्या चष्मेवाल्याचा उल्लेख केलाय. आणि बार्सिलोनातल्या १५९३च्या एका मालमत्तेच्या यादीत 'लांब उल्येरा' अशी नोंद आहे. लिपरहेच्या पंधरा वर्षं आधी!

इतिहासाचा_तास
जावईबापू, ते वाचलंय. पण 'उल्येरा' म्हणजे भिंग की चष्म्याची काच की नळी, हे त्या नोंदीवरून कसं ठरवणार? आपटेंनी वर तेच दाखवलं की. आन्तेओखो म्हटलं की चष्मा की दुर्बीण हे आजही बाजूच्या शब्दावरून ठरतं. वाण्याच्या यादीत 'तेल' लिहिलंय म्हणून ते केसांचं की फोडणीचं, सांगा.

कातालान_जावई
मी बायकोला 'तेल' दाखवलं. आज बाहेर जेवतोय.

शब्दवेल्हाळ
एका डोळ्याच्या यंत्रावर धागा आहे तर ब्लास दे लेसोला विसरू नका. स्पॅनिश आरमाराचा सेनानी. १७०४मध्ये डावा पाय गेला, पुढे तुलाँला डावा डोळा, नंतर बार्सिलोनाला उजवा हात निकामी. तरी १७४१मध्ये कार्ताखेना दे इंदियास हे आजच्या कोलंबियातलं बंदर इंग्रजांपासून राखलं. माद्रिदच्या प्लासा दे कोलोनमध्ये त्याचा पुतळा आहे. पक्या, तुझ्या घरापासून लांब नसेल. ह्या माणसासाठी दोन डोळ्यांची दुर्बीण म्हणजे निम्मी उधळपट्टी.

नेत्रा
धागा भरकटलाय, पण छान भरकटलाय. पक्या कुठे गेला?

माद्रिदकर_पक्या
इथेच आहे, वाचतोय आणि ऑफिसात खुदुखुदु हसतोय. खेमेलोस वाचून तर बाजूचा विचारायला लागला. बाई आणि आपटे, फरक कळला. म्हणजे आकाश बघायचं ते तेलेस्कोपियो, समुद्र बघायची सरकती नळी ती कातालेखो, लोलकाची ती प्रिझ्मातिकोस. बरोबर?

तारे_जमा
जवळजवळ. पण आता खरा प्रश्न मी विचारतो, तो आधीच विचारायला हवा होता. पक्या, त्या नळीतून तू बघितलंस का? चित्र सरळ दिसतं की उलटं?

माद्रिदकर_पक्या
अरे! मी सांगणारच होतो. पूर्ण बाहेर ओढली की नुसतं धुकं. आतली नळी बरीच आत ढकलली की एकदम स्पष्ट, पण उलटं. समोरच्या बाल्कनीतल्या काकूंचे कपडे आभाळाकडे लोंबत होते. मला वाटलं मीच चुकीच्या टोकातून बघतोय.

तारे_जमा
वाटलंच. ऐक.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे फुगीर भिंग आणि डोळ्याशी खोलगट. चित्र सरळ, पण दिसणारा तुकडा एवढासा, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा. १६११मध्ये केप्लरने मांडणी सांगितली, दोन्ही भिंगं फुगीर. दृश्य मोठं, पण उलटं. आकाशवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, गुरूला खाली-वर नसतं. खलाशाला चालत नाही. शिडं खाली आणि तळ वर असलेलं जहाज बघून तो कुणाचा झेंडा ओळखणार? म्हणून मधे आणखी भिंगं घालून चित्र पुन्हा सुलटं करायचं. ती जास्तीची भिंगं आपल्यासाठी जागा मागतात, म्हणूनच कातालेखो एवढा लांब असतो आणि एकात एक सरकवावा लागतो.

आता तुझं लक्षण बघ. पूर्ण ओढल्यावर धूसर, आखूड केल्यावर स्पष्ट आणि उलटं. डोळ्याकडची सगळ्यात बारीक नळी फिरवून बाहेर काढ. तिच्या आतल्या टोकाला एक छोटी पितळी नळकांडी असायला हवी, दोन भिंगांची. माझी पैज, ती नाहीये.

डॉ_गप्पिष्ट
लांबून निदान! याला म्हणतात खरी दुर्बीण.

वेळखाऊ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पक्या, उघड लवकर.

माद्रिदकर_पक्या
उघडली. आटे इतके घट्ट की आधी कोमट पाणी, मग साबण, मग शिव्या. डोळ्याकडच्या टोकाला दोन भिंगं आहेत. दुसऱ्या टोकाला आत आटे आहेत, स्वच्छ, चकचकीत, आणि त्यात काहीच नाही. नळकांडी गायब.

स्पॅनिशच्या_बाई
म्हणजे सुलटं करणारी भिंगं गेली. उलटं दाखवणारी, आकाशाला चालेल अशी नळी उरली. पक्या, व्युत्पत्ती राहू दे. तुझी वस्तू आजच्या घडीला तेलेस्कोपियोच आहे! त्या म्हाताऱ्याशी तू पहिल्या वाक्यातच बरोबर बोलला होतास.

ब्युनोस_आपटे
आणि त्याने तिसाला दिली ती का, हेही कळलं.

भाकरवडी
हा धागा वाचनखुणांत टाकलाय. पक्या, परत जाऊन भांड त्याच्याशी!

माद्रिदकर_पक्या
भांडता येत नाही हे पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय ना. तरी आज रविवार, गेलो. म्हातारा तिथेच होता. नळी दाखवली, उलटं दिसतं म्हटलं. त्याने हातात घेतली, समोरच्या छपरावरच्या कबुतराकडे रोखली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कबुतर आहे." मग चादरीखालचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात स्क्रू, किल्ल्या, घड्याळाचे काटे, आणि चार-पाच पितळी नळकांड्या. एकेक लावून बघत बसलो आम्ही दोघं, अर्धा तास. तिसरीचे आटे बसले, पण तिच्यातलं एक भिंग फुटकं निघालं. चौथी बसलीच नाही.

शेवटी त्याने पाच युरो परत दिले आणि सांगितलं, चंद्र बघ.

आजोबा_ऑनलाईन
पक्या, आता तुझा दुसरा प्रश्न, तो सगळे विसरले. एका डोळ्याच्या दुर्बिणीला मराठीत वेगळा शब्द. आमच्या घरी वस्तू होती, वेगळा शब्द नव्हता. 'नळीची दुर्बीण' म्हणायचो. उलट दोन डोळ्यांचीला 'जोडदुर्बीण' म्हणणारेही भेटले आहेत. म्हणजे नुसती दुर्बीण ती एका डोळ्याची, जोड मागून आली. वडिलांना 'दुर्बीण'च सांग. पक्षी उलटे दिसतील एवढं आधी सांगून ठेव.

माद्रिदकर_पक्या
सांगितलं आजोबा. बाबा म्हणाले, "वटवाघळं सरळ दिसतील. आण."